खालच्या पुलावरचं पाणी

मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही. मी घड्याळासारखी भिंतीवर मिरवत नाही, की छत्रीसारखी दाराआड उभी असत नाही. मी एक जुनी नळी आहे. पारदर्शक प्लास्टिकची, मोठ्या माणसाच्या हाताएवढी लांब, बुडाशी बारीक तोटी असलेली. पाणी किती गढूळ आहे हे सांगणं माझं काम. माझ्या तळाशी पांढऱ्या चकतीवर एक काळी फुली रंगवलेली आहे. नदीचं पाणी माझ्यात काठोकाठ ओतायचं आणि एक डोळा मिटून वरून आत बघायचं. फुली दिसली तर पाणी नितळ. नाही दिसली तर तोटी उघडून पाणी हळूहळू सोडायचं, आणि फुली जिथे पहिल्यांदा दिसेल तिथला आकडा वाचायचा. पाण्यात कोणता रोग आहे, कोणतं विष आहे, ते मला कळत नाही. मी एवढंच सांगते की, इथे आत काहीतरी आहे, जरा थांबा, चौकशी करा.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की उसासे टाकतात. माझ्याकडे उसासे थोडे आहेत. राग मात्र पुष्कळ आहे, आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म एका पाट्या रंगवायच्या दुकानात झाला. दुकान अरुंद होतं. आत टर्पेंटाइनचा वास भरलेला असे आणि दोन्ही भिंतींना ओल्या पाट्या टेकवून ठेवलेल्या असत. ‘दंतवैद्य वरच्या मजल्यावर’, ‘येथे गाड्या लावू नयेत’, ‘खोली भाड्याने देणे आहे’. दुकानाच्या मालकांना सगळे पाटीवाले म्हणत. कुणा गिऱ्हाइकाने दिव्याच्या पाटीसाठी मागवलेली मी, एका कोपऱ्यात नुसती लांबलचक पोकळी होऊन पडले होते. एका सकाळी पाटीवाल्यांची सून आत आली. केसांना टॉवेल गुंडाळलेला, पायाचे ओले ठसे दारापासून मेजापर्यंत.

“बाबा, ही नळी कोणाची?”

“कोणाचीच नाही. गिऱ्हाईक पळालं.”

“मग माझी.”

ही सून मुलांना पोहायला शिकवायची. नदीवर दोन पूल होते, वरचा आणि खालचा, आणि खालच्या पुलाजवळ नदी वळण घेऊन एक शांत डोह करायची. तिथे तिचा वर्ग भरे. गावातली निम्मी पोरं तिच्या हाताखाली पोहायला शिकली होती आणि सगळी तिला बाई म्हणत. बाईचा आवाज असा की पाण्याखाली बुडी मारलेल्या पोरालाही ऐकू जावा. दोन पुलांच्या मध्ये, कापड रंगवायच्या कारखान्याचा नाला नदीला मिळायचा. त्या वर्षी मुलांच्या अंगावर पुरळ उठू लागलं. बाईने कारखान्यात जाऊन विचारलं, तेव्हा फाटकावरच्या माणसाने तिला विचारलं, “पुरावा काय?”

म्हणून मला कापलं, घासलं, माझ्या अंगावर रेघा मारल्या. पाटीवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवून, श्वास रोखून, माझ्या चकतीवर ती फुली काढली. त्यांचा हात पाट्यांनी तयार झालेला होता. रेघ एकदा मारली की पुन्हा गिरवायची गरज पडत नसे.

नदीचं पाणी तपासणारा आमचा गट उभा राहिला तो असा. बाई, पाटीवाले, एक निवृत्त बस कंडक्टर आणि औषधांच्या दुकानाचे मालक. औषधवाल्यांना बोलण्याची कला होती. अर्ज कसा लिहावा, कोणाला आधी भेटावं, कोणापुढे किती वाकावं, हे त्यांना बरोबर ठाऊक. म्हणून तेच अध्यक्ष झाले. कंडक्टर काकांना अशी कुठलीही कला नव्हती. पण ते कधी दांडी मारत नसत, आणि मला पिशवीत घेऊन निघाले की वाटेत भेटेल त्याला म्हणत, “चला, पुढे सरका, नदीची तपासणी आहे.”

दर रविवारी सकाळी आम्ही आधी वरच्या पुलावर जायचो. दोरीला बादली बांधून पाणी काढायचं, बादली हलवून मला भरायचं. फुली लख्ख दिसायची. मग खालच्या पुलावर. तिथे फुली दिसायची नाही. तोटी उघडून पाणी सोडत सोडत ते वीतभर उरलं की कुठे अंधुक काळं काहीतरी डोळ्यांत यायचं. बाटल्या भरून प्रयोगशाळेत जायच्या आणि तिथले अहवाल माझंच म्हणणं मोठमोठ्या शब्दांत सांगायचे.

त्या दिवसांचा मला अभिमान आहे. नगर कार्यालयात बाई मला टेबलावर उभी करायची आणि म्हणायची, “साहेब, बोलू नका, आधी आत बघा.” कितीतरी साहेबांनी माझ्यात डोकावलं. शेवटी कारखान्याला हुकूम झाला, त्यांनी गाळ बसवायच्या टाक्या बांधल्या, आणि पुढच्या हंगामात खालच्या पुलावरसुद्धा फुली दिसू लागली. त्या दिवशी कंडक्टर काकांनी माझ्यात तीन-तीनदा डोकावून पाहिलं. बाई कपड्यांसकट पाण्यात शिरली आणि डोहाच्या पलीकडे जाऊन आली. वर्तमानपत्रात आमचं छायाचित्र आलं. मी मधोमध होते. अध्यक्षांच्या हातात.

इथे माझ्या कौतुकाचे दिवस संपतात, मित्रांनो. आता काय झालं ते नीट ऐका, कारण वाईट गोष्ट नेहमी आरडाओरडा करत येत नाही. कधी कधी ती हातात फुलं घेऊन येते.

बाईच्या आईचं, दुसऱ्या गावी, खुब्याचं हाड मोडलं आणि बाईला जवळजवळ वर्षभर तिकडे राहावं लागलं. त्याच दरम्यान कारखान्याच्या व्यवस्थापकांनी गटाला चहाला बोलावलं. तुमचं काम फार मोठं आहे, आम्हालाही हातभार लावू द्या, म्हणाले. गटाला एक खोली मिळाली, कपाट मिळालं, एकसारखे सदरे मिळाले आणि विजेवर चालणारं नवं मीटर मिळालं. सदऱ्यांच्या पाठीवर कारखान्याचं नाव होतं. नवे सभासद भराभर आले. सदरा कोणाला नको असतो?

मग एका बैठकीत अध्यक्ष म्हणाले, “खालच्या पुलाखाली निसरडं झालंय. उद्या कोणी पडलं तर जबाबदारी कोणाची? आपण तपासणी वरच्या पुलावरच करू. नदी तर एकच आहे ना?”

कंडक्टर काका म्हणाले, “नदी एक आहे हो, पण नाला मध्ये आहे.”

“काका, तुमचे गुडघे बघा आधी,” अध्यक्ष म्हणाले, आणि सगळे हसले. काकाही हसले. ते हसायला नको होते, असं त्यांनी पुढे स्वतःच अनेकदा म्हटलं.

मला तेव्हा निवृत्ती मिळाली होती. खोलीतल्या काचेच्या कपाटात, एका चषकाशेजारी, मला आडवी ठेवली होती. पुढे चिठ्ठी होती, ‘आमचे पहिले साधन’. दर आठवड्याला कोणीतरी काच पुसायचं. आतून मी त्यांना ऐकत असे. नवं मीटर वरच्या पुलावर जायचं, तिथलं पाणी मोजायचं आणि खरं तेच सांगायचं. मी त्या मीटरला दोष देत नाही. बिचारं खोटं बोललं नाही. त्याला जिथे नेलं तिथे खोटं बोलायची गरजच नव्हती. सगळा खोटेपणा जागा निवडण्यात होता, आणि ती जागा माणसांनी निवडली होती. तिकडे कारखान्याने टाक्यांचे पंप बंद करून ठेवले होते. ते चालवायला वीज लागते, माणसं लागतात, आणि खालच्या पुलावर आता कोण बघतंय?

वर्षाच्या शेवटी अहवाल निघाला. ‘आपली नदी स्वच्छ आहे.’ नगर कार्यालयाने तो वाचला, खुश झालं, आणि डोहाजवळ लावायला एक पाटी रंगवायला दिली. पाटी कोणाकडे जाणार? पाटीवाल्यांकडेच. दुकानामुळे ते बैठकांना क्वचितच जात. त्यांनी अध्यक्षांना विचारलं होतं, “पाणी चांगलं आहे ना नक्की?” अध्यक्षांनी अहवाल पुढे सरकवला. पाटीवाल्यांनी गटाचं नाव पाहिलं आणि ब्रश उचलला. ‘येथील पाणी पोहण्यास योग्य आहे.’ निळी जमीन, पांढरी अक्षरं.

बाई परत आली ती त्याच आठवड्यात. डोहावर गेली, पाटी पाहिली. पाणी तिला जरा मळकट वाटलं. पण अहवाल तिच्या स्वतःच्या गटाचा होता आणि अक्षर तिच्या सासऱ्यांचं. घरच्या माणसांवर विश्वास ठेवताना कोण नळी घेऊन बसतं? तिने वर्ग पुन्हा सुरू केला.

वर्गात कंडक्टर काकांची नात होती. एका जागी उभी राहायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तळाला जाऊन दगड आणायची तिला भारी हौस. काही दिवसांनी तिचा कान ठणकू लागला. मग ताप आला, कानातून पू आला. डॉक्टरांनी औषध दिलं, बदललं, पुन्हा बदललं. शेवटी शस्त्रक्रिया झाली. पोरगी वाचली, धावायला लागली, पण त्या कानाने तिला नीट ऐकू येईना. डॉक्टर म्हणाले, आता येणारही नाही. वर्गातल्या आणखी मुलांना पुरळ उठलं होतं, पोटं बिघडली होती. बाकीची बरी झाली.

दवाखान्यात काकांनी बाईला सगळं सांगितलं: तपासणी आता फक्त वरच्या पुलावर होते, आणि पाटी पाहून आपणही बोललो नाही. तिथून बाई सरळ गटाच्या खोलीवर आली. खोलीत कोणी नव्हतं. कपाटाला कुलूप होतं. तिने आपल्या शिट्टीच्या कडीने ते कुलूप उचकटायचा प्रयत्न केला, आणि ते जमेना तेव्हा टॉवेल हाताला गुंडाळून काच फोडली. मला बाहेर काढून तिने माझ्या अंगावरचे काचेचे तुकडे झटकले. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. “चल,” म्हणाली, इतकंच.

त्या दुपारी ती आणि मी खालच्या पुलावर गेलो. तिने बादली सोडली. त्या दिवशी नाला भरून वाहत होता. पाणी जांभळट होतं आणि त्याला एक गोडूस, उग्र वास होता. तिने मला भरलं आणि आत पाहिलं. तोटी उघडली. पाणी खाली, आणखी खाली, आणखी खाली. तळाशी दोन बोटं पाणी उरलं तरी फुली नव्हती. माझ्या सगळ्या आयुष्यात असं पाणी माझ्यात कधी आलं नव्हतं. ते माझ्या अंगाला चिकटलं. त्याचा डाग अजून आहे.

रविवारी गटाची बैठक होती. एकसारख्या सदऱ्यांनी खोली भरली होती. बाई आत आली, एका हातात मी, दुसऱ्या हातात झाकणाची बादली. तिने बादलीतलं पाणी सगळ्यांसमोर माझ्यात ओतलं आणि मला अध्यक्षांच्या पुढ्यात उभी केली.

“बघा.”

अध्यक्षांनी चष्मा सारखा केला, डोकावले, आणि सरळ बसले. “बाई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण ही नळी जुनी झालीय. ओरखडे पडलेत तिला. अशा साधनावर आता कोण विश्वास ठेवणार?”

मित्रांनो, मला बोलता येत असतं तर मी त्या क्षणी बोलले असते. जिचं छायाचित्र छातीशी धरून हा माणूस मिरवला, ती मी आता आंधळी ठरले होते.

बाईने मला बादलीत रिकामं केलं, टेबलावर सभासदांसाठी पाण्याचा जग होता तो उचलला, मला विसळलं आणि काठोकाठ भरलं. मग एकेका खुर्चीपुढे धरत गेली. “दिसते फुली? तुम्हाला? तुम्हाला?” माना हलत गेल्या. सगळ्यांना दिसली. ओरखड्यांतूनही फुली तशीच काळीभोर होती.

“नळीला दिसतंय,” बाई म्हणाली. “तुम्हाला दिसत नाहीये. अध्यक्ष, तुम्ही औषधं विकता. भिंगरीच्या कानाचं औषध तुमच्याच दुकानातून गेलंय. ते देताना तुम्हाला माहीत होतं, आपण कुठलं पाणी मोजतोय ते?”

अध्यक्ष हळूच म्हणाले, “मीटर, खोली, हे सगळं परत करावं लागेल. इतक्या वर्षांचं काम एका दिवसात बुडवायचं का?”

“कसलं काम?” कंडक्टर काका कोपऱ्यातून म्हणाले. ते इतका वेळ मांडीवर हात ठेवून बसले होते. “आमच्या पोरीला हाक मारायची तर आता फिरून तिच्या दुसऱ्या बाजूला जावं लागतं. हे काम केलं आपण.”

तुम्हाला वाटेल, यानंतर सगळे उठले असतील आणि कारखान्यावर गेले असतील. तसं झालं नाही. कोणीतरी सुचवलं की उपसमिती नेमावी. हात वर झाले. उपसमिती नेमली गेली. बाईने, काकांनी आणि पाटीवाल्यांनी आपले सदरे काढून टेबलावर ठेवले आणि मला घेऊन बाहेर पडले. पाटीवाले तसेच दुकानात गेले, डबा आणि ब्रश घेतला, डोहावर गेले आणि भर दिवसा, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, आपल्याच पाटीवर काळा रंग फासला.

कार्यालयातून माणूस आला. सरकारी पाटी खराब केल्याबद्दल कारवाई होईल, म्हणाला.

“अक्षर माझं आहे,” पाटीवाले म्हणाले. “मी चुकीचं लिहिलं. मीच खोडलं. करा कारवाई.”

कारवाई झाली. पाटी नवी आली, बाहेरगावच्या रंगाऱ्याकडून. मग कारखान्याची सरकारी तपासणीही झाली, पण तिची तारीख आधी कळवून. त्या दिवशी नाला कोरडा ठणठणीत होता आणि कारखान्याच्या फाटकावर कुंड्या मांडल्या होत्या. अधिकाऱ्यांनी पाणी पाहिलं, समाधान व्यक्त केलं आणि निघून गेले. गाडी वळली न वळली तोच नाल्याला पाणी आलं. कंडक्टर काका म्हणाले, “तिकीट तपासनीस उतरला वाटतं.” पण त्यांना हसू आलं नाही, आणि आम्हालाही नाही.

तेव्हापासून आम्ही रविवार सोडला. कधी मंगळवारी जायचं, कधी शुक्रवारी, कधी सकाळी, कधी कारखान्याची पाळी सुटताना. कोणाला सांगायचं नाही. मला भरायचं, वाचायचं, आणि दुकानावर यायचं. दुकानाच्या दर्शनी भिंतीवर पाटीवाल्यांनी हातभर उंचीची अक्षरं काढली आहेत: ‘खालच्या पुलावर आज’. त्याच्या खाली खडूने लिहितात. फुली दिसली. फुली दिसली नाही. भिंत त्यांची आहे. तिच्यावर कोणाची नोटीस चालत नाही. बाजाराला जाणारी माणसं मान वळवून वाचतात. बाईने डोहावरचा वर्ग बंद केला. पोरं कमी झाली, कमाईही कमी झाली. ती आता गावाच्या दुसऱ्या टोकाच्या तलावात शिकवते, आणि डोहाकडे कोणी टॉवेल घेऊन जाताना दिसलं की अर्ध्या रस्त्यातून ओरडून त्याला परत आणते. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या रोपवाटिकेची मालकीण दुकानात आली. तिची रोपं जळत होती. तिने पाटीवाल्यांकडून माझ्यासारखीच एक नळी करून नेली. मग आणखी तिघांनी. आज त्या नदीवर माझ्या चार बहिणी आहेत, आणि कार्यालयात जाणारे कागद आता एका नळीचे नाहीत. कारखान्याचे पंप आठवड्यातले काही दिवस चालतात. काही दिवस. मी त्याला विजय म्हणणार नाही. भिंगरी अजून हाक ऐकली की चुकीच्या दिशेला वळते.

गेल्या महिन्यात अध्यक्ष दुकानात आले. गटाच्या कामाचं प्रदर्शन भरतंय, म्हणाले. मोठी माणसं येणार आहेत. पहिलं साधन म्हणून नळी मांडायची आहे, चांगल्या काचेत, दिव्याखाली. जुनं झालं गेलं विसरू या.

बाई मला ब्रशने आतून घासत होती. तिने वर पाहिलंही नाही. “देते की,” ती म्हणाली. “फक्त भरून देईन. खालच्या पुलावरच्या पाण्याने. आणि ते बदलायचं नाही.”

अध्यक्ष मग दुसरं काही काम आठवल्यासारखे निघून गेले.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आमची निगा राखा. माझी निगा राखायची तर मला काचेत ठेवू नका. काचेत मी स्वच्छ होते आणि निकामी होते. मला ओरखडे पडू देत, डाग पडू देत. तुमच्या गावातही कोणीतरी पाणी मोजत असेल, कोणीतरी अहवाल काढत असेल, कोणीतरी फुलं घेऊन चहाला बोलावत असेल. ‘पाणी चांगलं आहे’ असं तुम्हाला कोणी सांगितलं, तर लगेच मान हलवू नका. कुठलं पाणी, असं विचारा. नाल्याच्या वरचं की खालचं, ते विचारा. हसले तरी विचारा. आणि उत्तर मिळालं नाही, तर एक बादली आणि एक दोरी घ्या आणि स्वतः खालच्या पुलावर जा.